नसलेल्या केबलने जोडलेले संगणक

आयबीएमने २ ऑगस्ट १९७२ रोजी व्हीएम/३७० ही प्रणाली जाहीर केली. तिच्या सत्तरच्या दशकातल्या आवृत्त्यांमध्ये टर्मिनलवर दोन आज्ञा टाइप केल्या की दोन संगणक एकमेकांना जोडता येत. पहिली आज्ञा ‘डिफाइन सीटीसीए’. तिने आपल्या यंत्राला, समजा ६०० या पत्त्यावर, एक अ‍ॅडॉप्टर मिळे. दुसरी आज्ञा ‘कपल’. तिच्यात आपला पत्ता, पलीकडच्या यंत्राचं नाव आणि त्याचा पत्ता द्यायचा. मग एका यंत्राने लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येई. यातलं एकही यंत्र जमिनीवर उभं नव्हतं. दोन्ही यंत्रं एकाच खऱ्या संगणकाच्या स्मृतीत, सॉफ्टवेअरने निर्माण केलेली होती. त्यांच्यामधली केबल तर कुठेच नव्हती.

आज क्लाउडवर व्हर्च्युअल मशीन घेणाऱ्याला यात विशेष वाटणार नाही. पण ही जोडणी नक्की कशी चालते हे नीट पाहिलं, तर व्हर्च्युअल यंत्रांच्या नेटवर्किंगमधले बहुतेक मूळ प्रश्न तिथे भेटतात, आणि तेही अगदी उघड्यावर, कारण मध्ये इथरनेट, आयपी, राउटर असे थर नाहीत. एक बाजू लिहिते, दुसरी वाचते, एवढाच व्यवहार. म्हणून हा जुना अ‍ॅडॉप्टर समजून घेण्यासारखा आहे.

सुरुवात चॅनेलपासून करावी लागेल. ७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमने सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. त्या काळी प्रोसेसरचा एकेक क्षण महाग होता. टेप फिरतेय, कार्डं वाचली जाताहेत, प्रिंटर छापतोय, आणि प्रोसेसर त्यांची वाट पाहत थांबलाय, हे परवडणारं नव्हतं. म्हणून उपकरणांशी बोलण्याचं काम चॅनेल नावाच्या वेगळ्या घटकाकडे सोपवलं गेलं. प्रोसेसरने चॅनेलसाठी छोट्या आज्ञांची एक यादी स्मृतीत लिहून ठेवायची. या आज्ञांना चॅनेल कमांड वर्ड, म्हणजे सीसीडब्ल्यू म्हणतात. ‘अमुक जागेपासून इतके बाइट लिही’, ‘इतके बाइट वाचून तमुक जागी ठेव’ असं त्यांचं स्वरूप. यादी चॅनेलला दाखवून प्रोसेसर आपल्या कामाला लागतो. काम झालं की चॅनेल इंटरप्ट देतो, म्हणजे प्रोसेसरचं लक्ष वेधून ‘झालं’ असं कळवतो.

चॅनेलमधून निघून मशिनरूमच्या उचललेल्या फरशीखालून दोन जाड केबल जात. एक बस, दुसरी टॅग. बसवरून एका वेळी एक बाइट जायचा. टॅगच्या तारा सांगायच्या की बसवर आत्ता आहे तो पत्ता आहे, आज्ञा आहे की डेटा. केबल एका कंट्रोल युनिटमधून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात अशी साखळीने फिरे. एका चॅनेलवर आठपर्यंत कंट्रोल युनिट बसत आणि शेवटी टर्मिनेटर लावावा लागे. पाठवलेल्या प्रत्येक बाइटची पोच समोरून आल्याशिवाय पुढचा बाइट जात नसे. त्यामुळे केबल लांबली की वेग घटे.

या रचनेत एक गोष्ट कायमची ठरलेली होती. चॅनेल हा मालक आणि कंट्रोल युनिट हे चाकर. संवाद सुरू करायचा तो चॅनेलने. कंट्रोल युनिटने फार तर ‘माझ्याकडे बघा’ असा इशारा द्यायचा. आता दोन संगणक जोडायचे म्हटलं तर अडचण स्पष्ट आहे. एका संगणकाचा चॅनेल दुसऱ्याच्या चॅनेलला थेट जोडला, तर दोन्ही टोकांना मालकच. आज्ञा देणारे दोन आणि ऐकणारं कुणीच नाही.

यावरचा तोडगा म्हणजे चॅनेल-टू-चॅनेल अ‍ॅडॉप्टर, सीटीसीए. हा दोन्ही चॅनेलच्या मधे बसतो आणि दोघांनाही सांगतो की मी कंट्रोल युनिट आहे. डाव्या संगणकाला वाटतं, आपल्याला टेप किंवा डिस्कसारखं एक उपकरण जोडलेलं आहे. उजव्यालाही तसंच वाटतं. आपण लिहिलेला डेटा कोणत्या पट्टीवर किंवा तबकडीवर जात नसून दुसऱ्या एका संगणकाच्या स्मृतीत जातोय, याची चॅनेलला गरजही नाही आणि कल्पनाही नाही. मला हा तोडगा फार देखणा वाटतो. दोन्ही बाजूंच्या यंत्रांत एका तारेचाही बदल न करता, आधीच ठरलेल्या नियमांत बसवून नवा व्यवहार शक्य झाला. पुढे ही जोडणी आभासी होऊ शकली तीही यामुळेच.

अ‍ॅडॉप्टरचा व्यवहार पायरीपायरीने पाहू. डावा संगणक ‘राइट’ आज्ञा देतो. अ‍ॅडॉप्टरकडे डेटा साठवायला जागा नाही, तो गोदाम नाही. म्हणून तो डाव्याची आज्ञा धरून ठेवतो आणि उजव्या संगणकाला ‘अटेन्शन’ हा संकेत पाठवतो. उजव्याला इंटरप्ट मिळतो. पलीकडे काहीतरी हालचाल झाली एवढंच त्याला कळतं, काय ते कळत नाही. म्हणून तो ‘सेन्स कमांड बाइट’ अशी आज्ञा देतो. उत्तरादाखल अ‍ॅडॉप्टर त्याला एक बाइट देतो, आणि तो बाइट म्हणजे डाव्याने दिलेली आज्ञाच. उजवा पाहतो की ही राइट आहे, आणि मग तो ‘रीड’ देतो. आता जोडी जमली. एका चॅनेलमधून निघालेले बाइट अ‍ॅडॉप्टरमधून सरळ दुसऱ्या चॅनेलमध्ये जातात. एका बाजूची ठरलेली संख्या संपली की दोघांनाही ‘काम संपलं’ अशी स्थिती कळवली जाते.

दोन शेजारणींनी मधल्या गडग्यावरून वाटी द्यावी-घ्यावी तसा हा प्रकार आहे. गडग्यावर वाटी ठेवायला जागा नाही, पलीकडचा हात पुढे आला तरच ती जाते, नाहीतर देणारीच्या हातात तशीच राहते.

दोघांनी एकाच वेळी राइट दिली तर? अ‍ॅडॉप्टर ज्याची आज्ञा आधी पोचली ती धरतो आणि दुसऱ्याला ‘अटेन्शन’ व ‘बिझी’ हे दोन्ही संकेत एकत्र देतो. म्हणजे, तुमचं नंतर, आधी समोरच्याचं ऐका. मग दुसऱ्याने आपलं लिहिणं बाजूला ठेवून वाचायचं. हे करायची तयारी दोन्हीकडच्या प्रोग्रॅममध्ये आधीपासून हवी. ती नसेल आणि दोघंही हट्टाने राइटच देत राहिले, तर जोडणी शाबूत असूनही एक बाइट पुढे सरकणार नाही. ‘कंट्रोल’ नावाची आणखी एक आज्ञा आहे. तिच्यात डेटा पुढे जात नाही, समोरच्याला नुसतं जागं करता येतं. समोरच्याने सेन्स कमांड बाइट देऊन तिची दखल घेतली की ती पूर्ण होते. ‘फाइल संपली’ असं कळवणारी लिहिण्याची आज्ञाही आहे. ती आली की वाचणाऱ्याला शून्य डेटासह एक वेगळा संकेत मिळतो. एवढ्या मोजक्या आज्ञांवर पुढची सगळी इमारत उभी राहिली.

पहिला मोठा उपयोग झाला तो एएसपी या सॉफ्टवेअरसाठी. त्यात कार्डं वाचणं, छापणं, कामांची रांग लावणं हे एक लहान सिस्टिम/३६० करी आणि प्रत्यक्ष गणन मोठी करी. दोघींच्या मधे सीटीसीए. याच एएसपीतून पुढे जेईएस३ आलं. नंतर एमव्हीएस या कार्यप्रणालीत जीआरएस हा भाग आला. अनेक संगणक एकाच डिस्कवरची फाइल वापरत असतील, तर ‘ही फाइल सध्या माझ्याकडे आहे’ असं इतरांना कळायला हवं. जीआरएस ते कळवण्यासाठी सीटीसीएच्या कड्यांनी संगणकांचं वर्तुळ करी आणि एक संदेश त्या वर्तुळात सतत फिरता ठेवी. बँकांचे आणि विमान कंपन्यांचे संगणक जोडीने चालू लागले त्या काळात या कड्यांवर खूप काही अवलंबून होतं.

आता व्हर्च्युअल यंत्रांकडे येऊ. मॅसॅच्युसेट्समधल्या आयबीएमच्या केंब्रिज सायंटिफिक सेंटरमध्ये रॉबर्ट क्रीसी आणि लेस कोमो यांनी १९६४ च्या अखेरीस सीपी-४० या प्रयोगाला सुरुवात केली. कल्पना अशी की एका खऱ्या संगणकावर अनेक पूर्ण संगणकांचा आभास निर्माण करायचा. प्रत्येक वापरणाऱ्याला स्वतंत्र प्रोसेसर, स्वतंत्र स्मृती, स्वतंत्र कार्ड-रीडर असल्यासारखं वाटलं पाहिजे. सीपी-४० नंतर सीपी-६७ आलं आणि त्याचं पुढचं रूप म्हणजे व्हीएम/३७०. यातल्या नियंत्रक भागाला सीपी, कंट्रोल प्रोग्रॅम, म्हणतात.

व्हर्च्युअल मशीनमधली कार्यप्रणाली जेव्हा उपकरणाला हात घालते, तेव्हा तिला चॅनेल सुरू करणारी विशेषाधिकाराची सूचना वापरावी लागते. ती सूचना खऱ्या प्रोसेसरवर चालतच नाही. तिथे अडथळा येतो आणि ताबा सीपीकडे जातो. सीपी पाहतो, या यंत्राला कुठलं उपकरण हवंय? खरी डिस्क असेल तर तो सीसीडब्ल्यूंमधले पत्ते बदलून खऱ्या चॅनेलकडे पाठवतो. आभासी सीटीसीए असेल तर खरं काही करायचंच नसतं. व्हीएम/३७० मध्ये यासाठी डीएमकेव्हीसीए नावाचा एक भाग आहे. एका यंत्राने राइट दिली की तो तिची नोंद ठेवतो आणि दुसऱ्या यंत्राच्या नोंदींमध्ये ‘अटेन्शन आलं आहे’ असं लिहितो. दुसऱ्या यंत्राची पाळी आली की त्याला खराखुरा वाटावा असा इंटरप्ट दिसतो. त्याने सेन्स कमांड बाइट मागितला की डीएमकेव्हीसीए पहिल्याची नोंदलेली आज्ञा त्याच्या स्मृतीत ठेवतो. त्याने रीड दिली की पहिल्याच्या बफरमधून दुसऱ्याच्या बफरमध्ये बाइट उतरवले जातात. खऱ्या संगणकाच्या दृष्टीने हे स्मृतीतल्या एका जागेवरून दुसऱ्या जागी नक्कल करणं आहे, बाकी काही नाही. पण दोन्ही पाहुण्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधल्या, कार्यप्रणालींना पूर्ण व्यवहार, संकेतांच्या ठरलेल्या क्रमासह, जसाच्या तसा दिसतो.

इथे तारांची, विद्युतदाबाची, टॅग लाइन्सची नक्कल केलेली नाही. नक्कल केली आहे ती अ‍ॅडॉप्टरच्या वागण्याची. कुठल्या स्थितीत कुठल्या आज्ञेला काय उत्तर द्यायचं, याचा तक्ता बरोबर पाळला की पाहुण्या प्रणालीला फरक कळायचं कारणच उरत नाही. उलट, हार्डवेअरची कितीही बारीक नक्कल केली आणि ‘बिझी’ द्यायच्या जागी नुसतं ‘अटेन्शन’ दिलं, तर नक्कल फसेल. एम्युलेशनचं सगळं यशापयश या तक्त्यावर ठरतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

याचा व्यावहारिक फायदा मोठा होता. जेईएस३ किंवा जीआरएससारखं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला दोन संगणक लागतात. दोन मेनफ्रेम चाचणीसाठी मोकळ्या ठेवणं कुणाला परवडणार? व्हीएमवर एकाच खऱ्या यंत्रावर दोन-तीन आभासी यंत्रं उभी करून, त्यांना ‘कपल’ करून, मुद्दाम एखादं बंद पाडून दुसरं कसं सावरतं हे पाहता येऊ लागलं. दिवसा इतरांची कामं चालू असतानाच हे करता येई.

इकडे खरा अ‍ॅडॉप्टरही बदलत होता. सुरुवातीला तो प्रोसेसरमध्येच बसवलेला एक पर्यायी भाग होता. पुढे आयबीएम ३०८८ हे स्वतंत्र यंत्र आलं आणि त्याने अनेक संगणक एकमेकांना जोडता येऊ लागले. १९९० मध्ये तांब्याच्या केबलींच्या जागी काचतंतूंची एस्कॉन पद्धत आली. त्यात वेगळ्या अ‍ॅडॉप्टरची गरज उरली नाही. एका बाजूच्या चॅनेललाच सीटीसी म्हणून नेमलं की त्याचा मायक्रोकोड कंट्रोल युनिटसारखा वागू लागे. १९९८ नंतरच्या फायकॉनमध्येही हे काम चॅनेलच्या आतच होतं. म्हणजे ज्याला आपण ‘खरा’ अ‍ॅडॉप्टर म्हणतो तोही नव्वदच्या दशकापासून एक प्रोग्रॅमच होता. व्हीएमने जे स्मृतीत केलं ते आयबीएमने हार्डवेअरच्या पोटात केलं. बाहेरून दिसणारं वागणं मात्र साठच्या दशकातल्या त्या पेटीचंच राहिलं.

आभासी सीटीसीएला दुसरं आयुष्य दिलं लिनक्सने. १९९९-२००० च्या सुमारास लिनक्स मेनफ्रेमवर चालू लागलं. एकाच यंत्रावर किती लिनक्स उभे करता येतील याची चढाओढच लागली. २००० साली डेव्हिड बॉइज यांनी एका मेनफ्रेमच्या एका विभागावर व्हीएमच्या मदतीने एकाच वेळी ४१,४०० लिनक्स चालवून दाखवले आणि त्या प्रयोगाची जगभर चर्चा झाली. पण लिनक्सला नेटवर्क लागतं, आयपी पॅकेट लागतात. व्हीएममध्ये तेव्हा हाताशी असलेले मार्ग दोन: आभासी सीटीसीए आणि आययूसीव्ही. आययूसीव्ही ही उपकरणाचं सोंग न घेता थेट सीपीच्या मध्यस्थीने निरोप पोचवण्याची सोय.

सीटीसीएवरून आयपी चालवताना एका कडीसाठी उपकरणांची जोडी वापरतात, एक वाचायला आणि एक लिहायला. माझं लिहिण्याचं टोक तुमच्या वाचण्याच्या टोकाला, आणि माझं वाचण्याचं तुमच्या लिहिण्याच्या टोकाला. ६०० वर वाचायचं आणि ६०१ वर लिहायचं असं दोन्हीकडे ठरलं असेल, तर ‘कपल’ करताना ६०० ला समोरच्या ६०१ शी जोडायचं. उलटसुलट न करता सरळ ६०० ला ६०० जोडलं तर दोघंही एकाच टोकाला कान लावून बसतात आणि कुणीच बोलत नाही. अशा वेळी पडद्यावर कुठलीही चूक दिसत नाही, म्हणून ती सापडायला वेळ लागतो. नव्याने शिकणाऱ्यांनी ‘पिंग’ जात नसेल तर सर्वांत आधी इथे पाहावं.

वाचण्यासाठी वेगळं उपकरण ठेवायचं कारणही समजून घेण्यासारखं आहे. एकच उपकरण दोन्हीकडे वापरलं तर वर पाहिलेली, दोघांनी एकदम लिहिण्याची टक्कर वारंवार होते. दोन उपकरणं ठेवली की वाचणारं टोक आपली रीड आज्ञा आधीच देऊन बसतं. समोरून काही येईल तेव्हा ती पूर्ण होईल. टक्कर होतच नाही. यातून एक वेगळाच प्रश्न मात्र निघतो. मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीत, एखाद्या उपकरणाकडून ठरावीक वेळात उत्तर आलं नाही तर ते बिघडलंय असं समजणारी व्यवस्था असते. इथे मात्र वाचन तासन् तास प्रलंबित राहणं हेच निरोगीपणाचं लक्षण आहे. म्हणून अशा पत्त्यांपुरती ती मुदत बंद ठेवावी लागते.

कड्यांची संख्या ही खरी अडचण ठरली. सीटीसीए दोघांनाच जोडतो. १० यंत्रांपैकी प्रत्येकाला प्रत्येकाशी बोलायचं असेल तर ४५ कड्या, प्रत्येक कडीला दोन जोड्या, म्हणजे १८० आभासी उपकरणांची टोकं. म्हणून मधे एक यंत्र राउटर म्हणून ठेवत आणि बाकी सगळे त्याला जोडत. तरीही नवं यंत्र आलं की दोन्हीकडे व्याख्या करा, पत्ते लिहा, ‘कपल’ करा, हे चुकत नसे. शेवटी झेड/व्हीएममध्ये, म्हणजे व्हीएमच्या पुढच्या रूपात, आधी गेस्ट लॅन आणि २००३ च्या सुमारास व्हीस्विच आला, म्हणजे संपूर्ण आभासी इथरनेट स्विच. दोघांच्या जोडणीऐवजी अनेकांची सामाईक जागा. मोठ्या संख्येने लिनक्स चालवणाऱ्यांसाठी तेच योग्य होतं, आणि आज नव्या उभारणीत आयपीसाठी सीटीसीए निवडायला सबळ कारण लागेल.

पण कथा इथे थांबत नाही, कारण मधल्या काळात मेनफ्रेमच आभासी झाली होती. १९९९ मध्ये रॉजर बोलर यांनी हर्क्युलस हा एम्युलेटर लिहायला घेतला. सिस्टिम/३७० पासून आजच्या ६४ बिटांच्या रचनेपर्यंतच्या सूचना तो साध्या पीसीवर एकेक करून पार पाडतो. त्यावर सत्तरच्या दशकातलं एमव्हीएस ३.८ किंवा व्हीएम/३७० ची सहावी आवृत्ती घरच्या लॅपटॉपवर चालते. आणि हर्क्युलसलाही सीटीसीएची नक्कल करावी लागली.

ती दोन अगदी वेगळ्या हेतूंनी झाली आहे. सीटीसीआय या प्रकारात पलीकडे दुसरी मेनफ्रेम नसतेच. पाहुण्या प्रणालीने सीटीसीएवर लिहिलेला ठोकळा हर्क्युलस उघडतो, आतली आयपी पॅकेट काढतो आणि पीसीच्या कार्यप्रणालीतल्या आभासी नेटवर्क कार्डाकडे, टन किंवा टॅपकडे, देतो. पाहुणी प्रणाली समजते की आपण शेजारच्या मेनफ्रेमशी बोलतोय. प्रत्यक्षात ती थेट घराच्या वायफायवर आलेली असते. हे उपयोगी आहे, पण यात अ‍ॅडॉप्टरचं पूर्ण वागणं नसतं. आयपी चालवणाऱ्या ड्रायव्हरला जेवढं लागतं तेवढंच असतं.

दुसरा प्रकार सीटीसीई. यात दोन हर्क्युलस, मग ते एकाच खोलीत असोत की दोन खंडांवर, टीसीपी जोडणीने बांधले जातात आणि ३०८८ चं वागणं पूर्णपणे उभं केलं जातं: सेन्स कमांड बाइट, कंट्रोल, अटेन्शन, बिझी, सगळं. जीआरएस आणि जेईएस३ सारख्यांना हेच लागतं. माझ्या मते एम्युलेशनचा सर्वांत कठीण आणि सर्वांत रंजक भाग इथे आहे.

पहिली अडचण ठोकळ्यांच्या सीमांची. चॅनेलवर एक राइट म्हणजे एक ठोकळा, त्याला सुरुवात आणि शेवट आहे. टीसीपीला असे ठोकळे माहीत नाहीत, तो बाइटचा सलग प्रवाह आहे. दोनदा लिहिलेलं एकदम पोचू शकतं किंवा एकदा लिहिलेलं दोन तुकड्यांत. म्हणून प्रत्येक आज्ञेपुढे लांबी सांगणारं शीर्षक जोडून पाठवावं लागतं आणि पलीकडे पूर्ण ठोकळा जमेपर्यंत थांबावं लागतं. मेनफ्रेम संख्येचा मोठा बाइट आधी ठेवते, नेहमीचा पीसी लहान. आतल्या डेटाला हात लावायचा नसतो, पण एम्युलेटरने स्वतः जोडलेल्या शीर्षकाचा क्रम काळजीपूर्वक ठरवावा लागतो.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. खरी पेटी एकच असे. दोन्ही संगणकांच्या आज्ञा तिच्यापाशी येत आणि आधी कुणाची आली हे ती एकटी ठरवी. व्हीएममध्येही नोंदी एकाच जागी, सीपीच्या ताब्यात. सीटीसीईमध्ये मात्र ही पेटी मधोमध कापली गेली आहे. अर्धी इकडच्या हर्क्युलसमध्ये, अर्धी तिकडच्या. दोघींकडे स्थितीची आपापली प्रत आहे आणि एकीतला बदल दुसरीला कळायला वेळ लागतो. एका खोलीत हा वेळ मिलिसेकंदाचा अंश असेल, समुद्रापार शंभर मिलिसेकंदांहून अधिक. तेवढ्या फटीत दोघांनी राइट दिली, तर दोन्ही अर्ध्या पेट्या म्हणतील, ‘माझीच पहिली.’ दोघीही आपापल्या माहितीप्रमाणे बरोबर असतात. म्हणून टक्कर झाली तर माघार कुणी घ्यायची, हे जोडणी उभी राहतानाच ठरवून ठेवावं लागतं. हरणारी बाजू आपल्या पाहुण्या प्रणालीला ‘अटेन्शन’ आणि ‘बिझी’ दाखवते. तिच्या दृष्टीने जुन्या पेटीत घडलं असतं तेच घडलं. वितरित प्रणाली शिकवणारे प्राध्यापक ज्या प्रश्नावर अनेक तास घेतात, तो प्रश्न इथे एका छोट्या अ‍ॅडॉप्टरच्या पोटात सापडतो.

तिसरी गोष्ट जोडणी तुटण्याची. टीसीपी तुटलं की पाहुण्याला काय सांगायचं? त्याला टीसीपी माहीतच नाही. मग पलीकडचा संगणक बंद झाल्यावर खरा अ‍ॅडॉप्टर जो चूक-संकेत देई, तोच द्यायचा. सत्तरच्या दशकातल्या प्रोग्रॅमला त्या संकेताचा अर्थ कळतो आणि त्यातून सावरायची रीतही त्याच्यात लिहिलेली असते. ती लिहिणाऱ्याने वायफायची कल्पनाही केली नव्हती.

मेनफ्रेमबाहेरच्या वाचकांनीही इथे एक नातं पाहावं. क्यूएमू किंवा व्हीएमवेअरवर यंत्र उभं केलं की त्यात बहुधा इंटेलचं ई१००० हे नेटवर्क कार्ड दिसतं. असं कार्ड तिथे नसतं. पाहुण्या प्रणालीकडे त्याचा ड्रायव्हर आधीच असतो म्हणून त्याचं वागणं उभं केलेलं असतं. व्हीएमने सीटीसीएच्या बाबतीत केलं तेच हे. रस्टी रसेल यांनी २००८ मध्ये मांडलेलं व्हर्टिओ हे त्यापुढचं पाऊल: पाहुण्याला सरळ सांगायचं की तू आभासी आहेस, सोंग नको, थेट बोलू. म्हणजे आययूसीव्हीचा रस्ता. दोन्ही रस्ते आजही लागतात. जिथे पाहुणी प्रणाली बदलता येते तिथे दुसरा वेगवान आहे. जिथे ती बदलता येत नाही, तिचे निर्माते निवृत्त झालेत, तिथे पहिल्याला पर्याय नाही.

पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांत परदेशी बँकांच्या आणि विमा कंपन्यांच्या मेनफ्रेम सांभाळणारी अनेक मराठी मुलं-मुली आहेत. त्यांच्या वाट्याला बहुधा कोबॉल, जेसीएल आणि हिरव्या अक्षरांचा पडदा येतो. चॅनेलपर्यंत पोचायची परवानगी नसते आणि ग्राहकाच्या यंत्रावर प्रयोग करणं योग्यही नाही. त्यांच्यासाठी हर्क्युलस ही मोठी संधी आहे. झेड/ओएस या आजच्या मेनफ्रेम कार्यप्रणालीसाठी आयबीएम हर्क्युलसवर परवाना देत नाही, तेव्हा त्या वाटेला जाऊ नये. एमव्हीएस ३.८ आणि व्हीएम/३७० मोकळेपणाने वापरता येतात.

आधी एकाच व्हीएम/३७० वर दोन यंत्रं ‘कपल’ करा, म्हणजे सगळी स्थिती एका जागी असताना व्यवहार कसा दिसतो ते कळेल. मग दोन लॅपटॉपवर दोन हर्क्युलस चालवून मधे सीटीसीई लावा आणि हर्क्युलसच्या कन्सोलवर त्या उपकरणाचा सीसीडब्ल्यू ट्रेस चालू करा. राइट, अटेन्शन, सेन्स कमांड बाइट, रीड हा क्रम एकामागून एक उमटताना दिसेल. दोन्हीकडचे सीटीसीईचे पोर्ट फायरवॉलमधून मोकळे आहेत ना, हे सुरुवातीलाच तपासा. आणि ही जोडणी घराबाहेर नेणार असाल तर ती व्हीपीएनमधूनच न्या: चॅनेलचे नियम ठरले तेव्हा केबल कुलूपबंद मशिनरूममध्ये असे, त्यामुळे त्यांच्यात गुप्ततेची कुठलीही सोय नाही.